सही करण्याआधी वाचून घे

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

सोडतीत गावचं सरपंचपद सर्वसाधारण महिलेसाठी निघालं, त्याच रात्री तुमच्या ओसरीवर बैठक बसली, चहा तू केलास आणि नाव तुझं ठरलं. एवढं सगळं लिहून शेवटी तू विचारतेस, आक्का, उभी राहू का?

राहा. तुला न विचारता नाव ठरलं याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझंही तसंच ठरलं होतं. उभं कुणी केलं याला फार महत्त्व नाही, निवडून आल्यावर सही कोण करतं याला आहे. माझ्याकडून तिथे चूक झाली, म्हणून ती तुला आधी सांगते.

मी पहिल्यांदा सदस्य झाले तेव्हा मासिक सभेची नोटीस आमच्या ह्यांच्या हाती पडायची. सभेला तेच जायचे. सभा उरकली की शिपाई प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, घेऊन मागच्या दाराने यायचा. मी चुलीपाशी. पिठाचे हात पदराला पुसायचे, तो बोट ठेवेल तिथे सही करायची आणि पुन्हा भाकरी थापायला बसायचं. दोन वर्षं हेच चाललं. मग एका उन्हाळ्यात खालच्या वाडीतल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन दारात आल्या. त्यांचा हातपंप वर्षभर बंद होता आणि कागदावर त्याची दोनदा दुरुस्ती झाली होती. मी म्हटलं, मला यातलं काही माहीत नाही. त्यांतली एक म्हणाली, "माहीत कसं नाही? खाली सही तुझीच हाय की." तिचं खरं होतं. पैसा कुणी खाल्ला हा प्रश्न नंतरचा, सही माझी होती.

पुढच्या महिन्यात शिपाई आला तेव्हा मी वही घेऊन ओसरीवर बसले आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तो तासभर ताटकळला. त्यानंतरच्या सभेला मीच गेले. घरात बरेच दिवस अबोला होता. तोही सोसला.

आता काळ बदललाय. ग्रामपंचायतीचं पेमेंट सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, या दोघांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन होतं. तुझी सही एका एवढ्याशा डोंगलमध्ये असेल. ते तुझ्या पर्समध्ये ठेव. पंचायतीच्या संगणक ऑपरेटरकडे नको, यजमानांच्या खिशात नको, पिनही कुणाला सांगू नकोस. घरच्यांवर अविश्वास दाखव असं मी म्हणत नाही. पण चौकशी लागली तर नोटीस तुझ्या नावाने येईल, त्यांच्या नाही.

हे झालं निवडून आल्यावरचं. त्याआधी कागद. सगळ्यात आधी मतदार यादी बघ. तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण नाव सासरच्या गावात आलंय की अजून माहेरच्याच यादीत आहे? ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडतात. प्रारूप यादीवरच्या हरकतींत प्रभाग चुकला असेल तर दुरुस्त होतो, नवं नाव त्या वेळी घुसवता येत नाही. ते आधीच करावं लागतं. तुझ्यासारख्या लग्न होऊन आलेल्या सगळ्या मुलींची नावं याच वेळी तपास. त्या निमित्ताने घरोघर जाशील, चुलीपाशी बसशील आणि कुणाकडे पाण्याची पाळी रात्री दोनला येते ते तुला कळेल. माझ्या मते प्रचार म्हणतात तो हाच. स्पीकर लावलेली गाडी फिरवून गावाचं काय दुखतंय ते कळत नाही.

घरपट्टी, पाणीपट्टी भरून पावती घे. शौचालय वापराचा दाखला काढ. आणि घर, गोठा किंवा दुकानाचा ओटा सरकारी जागेवर नाही ना, हे सासऱ्यांना स्पष्ट विचार. हा प्रश्न विचारायला जड जाईल, तरी विचार. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच राज्यातल्या एका महिला सदस्याची अपात्रता कायम ठेवली. अतिक्रमण सासरच्यांनी केलेलं होतं, पद तिचं गेलं. उलटंही घडतं. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना असाच आरोप ठेवून खालपासून वरपर्यंत अपात्र ठरवलं गेलं. २७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पद परत दिलं आणि बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांच्या पचनी पडलं नाही, अशा अर्थाचं स्पष्ट मत नोंदवलं. म्हणून तुझे कागद असे असू देत की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये.

आता बिनविरोधचं. देवळात बैठक बसेल आणि कुणीतरी म्हणेल, मंदिराला जास्त देणगी देईल त्याच्या घरात सरपंचपद. त्या बैठकीतून सरळ उठून ये. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात आणि नंदुरबारच्या खोंडामळीत पदांचे असेच लिलाव झाले. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. गावाने मनापासून बिनविरोध दिलं तर आनंदाने घे, पण विकत नको. विकत घेतलेलं पद वसूल करावं लागतं आणि तेव्हा डोंगल तुझ्या हातात राहत नाही.

बायकांना कारभार काय कळतो असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस. एवढंच सांग की पुणे जिल्ह्यातल्या निंबूतमध्ये १९६३ साली आणि जळगावच्या विटनेरमध्ये १९८९ साली सगळ्या बायकांच्याच पंचायती होत्या. तेव्हा ना पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती होती, ना २०११ पासूनचं आपलं निम्म्या जागांचं आरक्षण.

सरपंच थेट जनतेतून निवडायचा, हे २०१७ ला आलं, २०२० ला गेलं, २०२२ ला परत आलं. त्यामुळे तू निवडून येशील आणि बहुमत समोरच्या पॅनेलचं असेल, असंही होऊ शकतं. घाबरू नकोस. ग्रामसभेआधी महिला सभा नियमाने घ्यावीच लागते. ती कागदावर उरकू नकोस, खरी घे. पन्नास बायकांनी हात वर करून मागितलेला नळ अडवायला कुठलाही सदस्य सहजी धजत नाही, हे मी पाहिलंय.

खर्चासाठी तुझ्या नावाने वेगळं बँक खातं उघड. रोजचा हिशेब त्याच दिवशी लिही. निकालानंतर ३० दिवसांत तो द्यावाच लागतो, हरलेल्यांनाही. आमच्या पॅनेलमधली एक चांगली बाई एवढ्या एका कागदापायी पाच वर्षं बाद झाली.

प्रारूप यादी लागली की तुमच्या तिन्ही प्रभागांची झेरॉक्स काढ आणि रविवारी माझ्याकडे ये. लाल पेन आण, ओळ न् ओळ बघू. येताना सासूबाईंनाही घेऊन ये. गोठ्याच्या जागेचं मी त्यांना विचारते, तुला अवघड जायला नको.

तुझी,
आक्का