विषय शोधायला पुण्याला कशाला?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. कॉलेजात नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. मात्र पीएच.डी.च्या विषयांची तुझी यादी वाचून जरा चिडलो. चारही विषय पुण्या-साताऱ्याचे! अगं, तू भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात राहतेस. तुझ्या गावचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजाराचा तलाव, कोणी बांधला, कोणाच्या धानाच्या बांधीला पाणी आधी मिळायचं, 1951 ला मालगुजारी, म्हणजे गावाच्या सारावसुलीची जमीनदारी, गेल्यावर मासळीचा हक्क कोणाकडे गेला, हे कोण लिहिणार? कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांचं कौतुक सगळे करतात, कागद कोणी उघडत नाही.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज माग, गावकऱ्यांचे सामाईक हक्क आणि गावच्या वहिवाटी त्यांत नोंदलेल्या असतात. बाबू आधी 'नाही' म्हणेल, दुसऱ्यांदा जा. मोडी शिकून घे, आणि हिंदीचा कंटाळा करू नकोस. जुन्या मध्यप्रांताचा कारभार दोन्ही भाषांत चालायचा.

वा. वि. मिराशींचंच बघ. मूळचे कोकणातले, संस्कृतचे प्राध्यापक. नागपुरात बसून विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट वाचले. त्या लेखांचा ग्रंथ 1963 मध्ये निघाला, तेव्हा सत्तरीला आले होते. यातला एखादा पत्रा आधी तांबटाच्या हाती लागता, तर त्याचा हंडाच झाला असता!

आणखी एक. दगडी देऊळ दिसलं की 'हेमाडपंती' लिहून मोकळी होऊ नकोस. अंबरनाथच्या देवळावर शके 982, म्हणजे इ.स. 1060 आहे, आणि ज्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात तो यादवांचा मंत्री हेमाद्री झाला त्यानंतर दोनशे वर्षांनी. आपल्याकडे तर गावोगाव ही पाटी लावलेली आहे.

कागद घरोघरी आहेत, पण ते मिळतात माणसाच्या भरवशावर. एका वाड्यातून कोणी बडे संशोधक वही घेऊन गेले, ती परत आलीच नाही. नंतर मी गेलो तर चहा मिळाला, तोही ओसरीवरच. "सर, पेटीची किल्ली हरपली जी," म्हणाले. तेव्हा कागद घरी नेऊच नकोस. तिथंच चटईवर बसून फोटो काढ, पाठची बाजूही घे, शिक्का आणि शेरे बरेचदा तिथंच असतात. लेख छापून आला की एक प्रत त्या घरी स्वतः नेऊन दे. विद्यापीठाला पाठवायची नंतर बघ.

पगार वेळेवर होतो का ते कळव. तासिका तत्त्वावर असशील तर संशोधनाच्या नादात नेट-सेटचा अभ्यास सोडू नकोस. धान कापणी आटोपली की ये, माझी मोडीची वही काढून ठेवतो. ती मात्र परत आणून द्यायची!

तुझा,
सर