बुलेटचा सायलेन्सर बदलण्याआधी

बुलेट घेतलीस, छान झालं. पण तो फटाका सायलेन्सर बसवू नकोस रे. कंपनीच्या सायलेन्सरमधले कप्पे आणि जाळ्या आवाज जिरवतात. फटाका सायलेन्सर म्हणजे नुसती पोकळ नळी, तिच्यात तेच नसतं. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असं मुळीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडलेत.

मीही वर्षभर तसाच फिरलो. शेजारच्या आजी रात्री दचकून उठतात, हे त्यांच्या सुनेनं सांगितलं. फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

जुनी गाडी असेल तर मूळ सायलेन्सर आधीच्या मालकाकडून मागून घे.