‘तू छानच दिसतेस’ एवढ्याने भागत नाही

‘चांगली सुरेख आहे हो पोरगी, तरी स्वतःला जाडी म्हणते. किती समजावलं तरी पटत नाही.’ समुपदेशक म्हणून पालकांची ही काळजी मी नेहमी ऐकते. त्यातलीच एक हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी १७ वर्षांची, वजन उंचीला साजेसं. तरी रात्रीचं जेवण बंद केलेलं. फोनमध्ये मॉडेल्सचे फोटो साठवलेले. ‘मला अशी कंबर हवी,’ ती म्हणाली. आई लगेच म्हणाली, ‘अगं, तू छानच दिसतेस!’ मुलीने मान फिरवली.

आईचं वाक्य मायेचंच होतं. पण आईला आपण आवडणारच, हे मुलीला माहीत असतं. ती स्वतःला ज्या मापाने मोजते, ते माप तसंच राहतं.

म्हणून तिचाच आवडता फोटो समोर ठेवला आणि तो कसा तयार होतो ते बोललो. नमुन्याचे कपडे एका ठरावीक, बारीक मापात शिवतात आणि त्यात मावेल अशी मॉडेल निवडतात. कपड्यासाठी शरीर शोधलं जातं, शरीरासाठी कपडा नाही. फोटोच्या वेळी सैल भाग पाठीमागे टाचण्या-चिमटे लावून आवळतात. ढीगभर फोटोंतून एक निवडतात, मग संगणकावर कंबर आणखी आत घेतात. ‘म्हणजे ती स्वतःसुद्धा अशी दिसत नाही?’ तिने विचारलं. नाही दिसत. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचा बांधा असा बदलला असेल, तर तसं छापणं बंधनकारक आहे.

आईचा प्रश्न वेगळा होता. ‘आमच्या घरात जाड-बारीक कुणी काढत नाही. मग हे आलं कुठून?’ मला इथे पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवरची पाहणी महत्त्वाची वाटते. भरलेलं अंग चांगलं मानणाऱ्या तिथल्या एका भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. संशोधक ॲन बेकर आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. खाण्याशी बिघडलेल्या नात्याची लक्षणं दाखवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. घरात कुणी काही बोलायची गरजच नसते.

फोटोमागची कारागिरी कळली म्हणून तुलना थांबते असं मात्र नाही. सगळं समजूनही मुलीचा हात त्याच फोटोंकडे जायचा. त्यामुळे आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि रात्रीचं जेवण पूर्ववत, हे ठरवलं. वजनाचे आकडे मी तिच्यासमोर काढले नाहीत. अशा मुलांना आकडा म्हणजे गाठायचं नवं लक्ष्य वाटतं. काही खाती तिने स्वतःच बंद केली. आईनेही आरशासमोर ‘पोट किती सुटलंय माझं’ म्हणणं सोडलं. घरात कुणी काढत नाही म्हणताना हे वाक्य तिच्या लक्षातच आलं नव्हतं!

ती अजून येते. जेवते, पण नवे कपडे घालून पाहायचा दिवस तिला जड जातो.

वजन झपाट्याने उतरत असेल, पाळी थांबली असेल, चक्कर येत असेल, जेवल्यावर मूल मुद्दाम उलटी काढत असेल, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट पाहू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.