गॅलिलिओला शिक्षा झाली, पण तेवढ्यावरून निकाल लावू नका

प्रश्न : मुलीने विचारलं, चर्चने गॅलिलिओला शिक्षा केली म्हणजे धर्म आणि विज्ञान पहिल्यापासून शत्रूच ना? मी हो म्हणून मोकळा झालो, पण नंतर वाटलं की इतकं सरळ असेल का?

नाहीये इतकं सरळ. पण आधी शिक्षेचं बोलू, कारण ती खरी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालायचं काहीच कारण नाही. 1633 मध्ये रोममध्ये इन्क्विझिशनसमोर, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयापुढे, 69 वर्षांच्या या माणसाला गुडघ्यावर बसवलं आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे मत मी सोडतो असं त्याच्याकडून वदवून घेतलं, मग 1642 ला वारला तोपर्यंत नजरकैद. पुस्तकावर बंदी. हा अन्याय होता आणि चूक झाली हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे मान्य करायला 1992 साल उजाडलं.

आता हे बघा. कोपर्निकस हा स्वतः चर्चमधला पदाधिकारी होता, त्याचं सूर्य मध्यभागी ठेवणारं पुस्तक 1543 ला छापलं गेलं, ते त्याने पोप तिसरे पॉल यांनाच अर्पण केलेलं, आणि पुढची 73 वर्षं रोमने त्याच्यावर बंदी घातली नाही. 1611 मध्ये तर रोमच्या जेझुइट, म्हणजे चर्चच्याच एका पाद्री संघातल्या, खगोलशास्त्रज्ञांनी गॅलिलिओला टेलिस्कोपमधून जे दिसलं ते आम्हालाही दिसतंय असं सांगितलं, त्याचा सत्कारसुद्धा केला. मग 1616 ला अचानक कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्त होईपर्यंत बंद, असं का झालं?

माझ्या मते भांडण मुळात अधिकाराचं होतं. तोवर प्रोटेस्टंट वेगळे झाले होते, बायबलचा अर्थ कोणी लावायचा यावरून युरोप फुटलेला, आणि अशा वेळी एक गणिताचा माणूस पत्रं लिहून सांगतोय की निसर्ग स्पष्ट दिसत असेल तर बायबलातली वाक्यं त्याप्रमाणे वाचा. हे चर्चला जास्त झोंबलं. त्यात त्याच्याकडे पक्का पुरावा अजून नव्हता हेही खरं, भरती-ओहोटी पृथ्वीच्या फिरण्यामुळे होते हा त्याचा आवडता मुद्दा चुकीचा निघाला, आणि पृथ्वी फिरताना ताऱ्यांची जागा किंचित सरकलेली दिसायला हवी ते मोजायला तर 1838 साल यावं लागलं. शिवाय आधी त्याचे चाहते असलेले पोप आठवे अर्बन यांचा लाडका युक्तिवाद त्याने आपल्या 1632 च्या पुस्तकात नेमका बावळट वाटणाऱ्या पात्राच्या तोंडी घातला. पण पुरावा अपुरा होता म्हणून कोणाचं तोंड बंद करता येत नाही, त्यामुळे यातल्या कशानेही शिक्षा योग्य ठरत नाही.

आणि आता मुलीला आवर्जून सांगा अशी गोष्ट. इटलीतल्या बोलोन्या शहरात सान पेत्रोनिओ नावाचं प्रचंड चर्च आहे. ईस्टर कधी येणार हे काढायला वसंतातला दिवस-रात्र समान असतात तो दिवस बरोबर माहीत असावा लागतो, जुनं कॅलेंडर त्या हिशोबात इतकं घसरलेलं की 1582 मध्ये 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर करावा लागला. म्हणून सूर्याचं अचूक मोजमाप ही चर्चचीच गरज होती. 1655 मध्ये कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञाने सान पेत्रोनिओच्या छताला सुमारे 27 मीटर उंचीवर एक लहान भोक ठेवलं आणि खाली फरशीवर उत्तर-दक्षिण जवळपास 67 मीटरची सरळ रेघ बसवली. रोज भर दुपारी सूर्याचा गोल कवडसा त्या रेघेवरून जातो, उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, थंडीत पार लांबच्या टोकाला, लांबट होऊन. कॅसिनीने तो कवडसा वर्षभरात किती लहान-मोठा होतो ते मोजलं आणि त्यावरून सूर्य आपल्यापासून कमी-जास्त लांब कसा होतो ते काढलं. जुन्या गणितापेक्षा कोपर्निकसच्या बाजूच्या केप्लर या खगोलशास्त्रज्ञाचं गणित बरोबर निघालं! यातून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नव्हतं, तरी पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या जुन्या व्यवस्थेचा एक खांब निखळला, आणि तोही पोपच्या राज्यातल्या एका चर्चच्या फरशीवर, गॅलिलिओच्या खटल्यानंतर जेमतेम 22 वर्षांनी. मला तर हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो. पुस्तकावर बंदी घालणारी आणि आकाश मोजायला जागा देणारी संस्था एकच होती, ही दोन्ही सत्यं मुलीला एकत्र सांगा, एकच सांगितलंत तर अर्धवट होईल.

प्रश्न : कोलंबसच्या आधी धर्मगुरू पृथ्वी सपाट मानायचे ना?

शिकलेले लोक तरी नाही. तेराव्या शतकात साक्रोबोस्को याचं खगोलाचं पुस्तक युरोपच्या विद्यापीठांत शिकवायचे, त्यात पृथ्वी गोल असल्याची कारणंच दिलेली आहेत, आणि तिथे शिकणाऱ्यांत पुढे पाद्री होणारे भरपूर. कोलंबसशी वाद झाला तो अंतरावरून, त्याने पृथ्वी फारच लहान धरली होती आणि विरोध करणाऱ्यांचा अंदाज जास्त बरोबर होता. सपाट पृथ्वीचा किस्सा पसरला तो मुख्यतः 1828 च्या एका चरित्रामुळे, वॉशिंग्टन आयर्विंग या कथाकाराने लिहिलेल्या. मग 1874 ला ड्रेपर आणि 1896 ला अँड्र्यू व्हाइट या दोन अमेरिकनांनी धर्म विरुद्ध विज्ञान अशी युद्धाचीच मांडणी केली, ती आजही लोकांच्या डोक्यात पक्की बसलीये. व्हाइट कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष, कुठल्याही पंथाच्या ताब्यात नसलेलं विद्यापीठ काढलं म्हणून धार्मिक मंडळींची टीका त्यांनी सोसलेली, त्यामुळे त्यांचा राग समजू शकतो, पण इतिहास म्हणून ती मांडणी आज अभ्यासक स्वीकारत नाहीत.

प्रश्न : हे सगळं ख्रिश्चन धर्माचंच झालं. बाकीच्यांचं काय?

तिथेही दोन्ही बाजू सापडतात. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवायला इब्न अल-शातिर नावाचा खगोलशास्त्रज्ञ नेमलेला होता, त्याने चंद्राच्या गतीचं जे गणित बसवलं तेच पुढे कोपर्निकसच्या पुस्तकात दिसतं. आणि इस्तंबूलमध्ये तकी अल-दीनची नवीकोरी वेधशाळा 1580 मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली.

आपल्याकडे आर्यभटाने 499 मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं लिहिलं आणि ग्रहण सावल्यांमुळे होतं हेही. ब्रह्मगुप्ताचं मात्र मला नेहमी वाईट वाटतं, ग्रहणाचं गणित सावलीवरून अगदी चोख करायचा, पण राहू नाही म्हणणाऱ्यांना श्रुती-स्मृतीचा आधार देऊन फटकारायचा. सुमारे चारशे वर्षांनी अल्-बिरूनी या मुस्लिम विद्वानाने हे वाचलं आणि अंदाज बांधला की विचारांपायी विष प्यावं लागलेल्या सॉक्रेटिससारखी आपली गत होईल या भीतीने ब्रह्मगुप्त असं बोलला असावा. खरं कारण काहीही असो, इतका मोठा गणिती आपलंच गणित बाजूला ठेवून परंपरेच्या बाजूने उभा राहतो यावरून दबाव किती असेल ते कळतं.

प्रश्न : बिग बँगमुळे ईश्वराने जग निर्माण केलं हे सिद्ध झालं असं एका प्रवचनात ऐकलं. पटावं का?

श्रद्धा ठेवायची तर जरूर ठेवा, पण हा पुरावा धरू नका, आणि हे मी सांगण्यापेक्षा ज्याने ती थिअरी मांडली त्याचंच ऐका. जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री आणि पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. विश्व प्रसरण पावतंय हे त्याने 1927 मध्ये गणिताने दाखवलं, आणि 1931 मध्ये सुरुवातीला सगळं एका आद्य अणूत होतं अशी कल्पना मांडली, तिलाच पुढे बिग बँग म्हणू लागले. 1951 ला पोप बारावे पायस यांनी भाषणात म्हटलं की आधुनिक विज्ञान निर्मितीच्या त्या पहिल्या क्षणाची साक्ष देतंय. कुठल्याही पाद्र्याला याहून मोठी शाबासकी काय मिळणार, पण लमेत्र अस्वस्थ झाला. त्याचं म्हणणं असं की ही थिअरी धर्माच्या प्रश्नापासून पूर्ण बाहेर आहे, आस्तिकाने आणि नास्तिकाने ती सारखीच वापरावी. आणि उद्या आकडे बदलले तर श्रद्धेचं काय करणार, हा माझा प्रश्न. पुढच्या वर्षी रोममध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले तेव्हा पोप पुन्हा बोलले, पण निर्मितीचा पुरावा म्हणून ही थिअरी त्यांनी पुढे केली नाही.