स्थानिक वर्तमानपत्र बंद पडल्याने खरंच काही बिघडतं का? बातम्या तर फोनवरही मिळतात.

मिळतात, पण कुठल्या? राजधानीतल्या भांडणाची बातमी दहा ठिकाणांहून येते. पालिकेच्या सभेत विषय क्रमांक १४ चर्चेविना मंजूर झाला, हे कळायला मात्र कुणीतरी तिथे तीन तास बसावं लागतं आणि त्याला पगार द्यावा लागतो. पेपर बंद पडला की ती खुर्ची रिकामी होते.

कॅलिफोर्नियातलं बेल शहर घ्या. वस्ती ३७ हजारांच्या आसपास. २००५ मध्ये तिथे मतदान झालं. शहराने स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची स्वतःची नियमावली, घ्यावी का, एवढाच प्रश्न. चारशे जणांनीही मत दिलं नाही. त्या सनदेने नगरसेवकांच्या मानधनावरची राज्याची मर्यादा मात्र उठली. २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा शहराचा व्यवस्थापक वर्षाला जवळजवळ ८ लाख डॉलर घेत होता. बातमीदार मुळात शेजारच्या शहराची चौकशी करत होते! मधली पाच वर्षं सभा होत होत्या, कागदही होते. वाचणारं कुणी नव्हतं.

पेपर एका दिवसात मरत नाही. आधी छोट्या जाहिराती फुकटच्या संकेतस्थळांकडे जातात. मग अनेक पेपर चालवणारी एखादी साखळी कंपनी पेपर विकत घेते आणि छपाई दूरच्या छापखान्यात हलवते. अंक आता संध्याकाळीच सोडावा लागतो, त्यामुळे रात्री संपणारी सभा सकाळच्या अंकात येत नाही. पुढे सभेला जाणंच बंद होतं. नाव तेच राहतं, आत सगळा वृत्तसंस्थांकडून आलेला तयार मजकूर.

याची किंमत पैशांतही दिसते. पेपर बंद पडलेल्या भागांत स्थानिक संस्थांचं कर्ज महाग होतं, असं अमेरिकेतल्या अभ्यासात आढळलं. फरक टक्क्याच्या विसाव्या हिश्शाएवढा धरला, तरी १० कोटी डॉलरच्या कर्जावर वर्षाला ५० हजार डॉलर जास्त जातात.

तुमच्याकडे पेपर उरला नसेल तर सभेची विषयपत्रिका जोडपत्रांसकट मिळवा. खरा मजकूर जोडपत्रांतच असतो. सगळं वाचत बसू नका. ऐनवेळचे विषय, एकच बोली आलेल्या निविदा, मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली बसतील असे एकाच कामाचे पाडलेले तुकडे आणि मुदतवाढीसोबत आलेला वाढीव खर्च, एवढं आधी पाहा. सुधारित अंदाजपत्रक मूळ अंदाजपत्रकाशेजारी ठेवून ताडा.

हे मेसेजच्या ग्रुपवर टाकताना ठरावाचा क्रमांक आणि तारीख द्याच. चूक झाली तर तिथेच दुरुस्ती टाका. ग्रुपवरच्या बातम्या सडतात त्या दुरुस्ती नसल्यामुळेच. आणि हे एकट्याने अंगावर घेऊ नका. एकटा माणूस सहा महिन्यांत कंटाळतो. दोघं-तिघं आलटून पालटून बसलात तर टिकेल.