बोके, कवडसे आणि चकत्या

प्रश्न असा आहे: फोटोत मागच्या दिव्यांचे जे धूसर गोळे दिसतात, त्यांना ‘कवडसे’ म्हणता येईल का? आणि त्या धूसरपणाचं नाव लिहायचं ‘बोकेह’ की ‘बोके’?

लेखनाचं आधी. मूळ जपानी शब्द ‘बोके’, म्हणजे धूसरपणा. १९९७ साली ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी नियतकालिकाचे संपादक माइक जॉन्स्टन यांनी त्याच्या शेवटी एच जोडला, तो वाचकांनी नुसतं ‘बोक’ वाचू नये म्हणून. देवनागरीला ही कुबडी लागत नाही. ‘बोके’च लिहा. मांजरं आठवली तर आठवू देत.

‘कवडसा’ देखणा शब्द, पण इथे बसत नाही. कौलांच्या फटीतून जमिनीवर पडतो तो कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा. बारीक फट कितीही वेडीवाकडी असली तरी तो गोल किंवा लांबटगोल पडतो. फट ३ मीटर उंच आणि सूर्य डोक्यावर असेल तर साधारण ३ सेंटिमीटरचा. खंडग्रास ग्रहणात त्याचीच कोर होते. बोकेत सगळं उलटं. तिथे दिवा ठिपक्याएवढा आणि भोक मोठं, त्यामुळे आकार उमटतो तो भोकाचा, म्हणजे लेन्समधल्या अपर्चरचा.

पडताळून बघा. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचं भोक ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिमी असतं. काळ्या कार्डात १५ मिमीची चांदणी कापून कार्ड लेन्सपुढे लावा, कडेने उजेड शिरू देऊ नका. फोकस १ मीटरवर, दिव्यांची माळ ४-५ मीटरवर. प्रत्येक दिव्याची चांदणी होते. एफ/८ केलंत की भोक ६ मिमीवर येतं, चांदणीची टोकं त्याच्या बाहेर राहतात आणि भोक लहान-मोठं करणाऱ्या पात्यांचा बहुकोन दिसू लागतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सवर ५५ मिमी, एफ/५.६ ला भोक जेमतेम १० मिमी. तिथे ही चांदणी फसते ती याचमुळे.

म्हणून त्या गोळ्यांना मी ‘चकत्या’ म्हणेन. ‘बोके’ हा शब्द धूसरपणाच्या पोतासाठी राखावा. ‘बोके जास्त आहे’ हे चूक, जास्त असतो तो ब्लर. बोके मऊ असतो किंवा कडक, म्हणजे चकतीची कड विरघळते किंवा कंगोऱ्यासारखी उठून दिसते. साच्यात घडवलेल्या अगोल (अॅस्फेरिकल) भिंगावर हत्याराचे सूक्ष्म चरे राहिले तर चकतीत वलयं दिसतात. तिला ‘कांदाचकती’ म्हणायला माझी काहीच हरकत नाही.