जपानी चित्रकार हिरोशी योशिदा लाकडी ठशांची चित्रे स्वतःच कोरत आणि छापत असत का?

बहुतेक वेळा नाही. मूळ चित्र त्यांचे, पण ठसे कोरायला आणि छापायला त्यांनी कसबी कारागीर ठेवले होते. जपानची जुनी पद्धतही तीच: चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक असे चौघे. योशिदांनी (1876–1950) यातला प्रकाशक काढून टाकला. सुरुवातीला त्यांची चित्रे वातानाबे हे प्रकाशक काढत. 1923च्या भूकंपात ते ठसे जळाले, आणि 1925मध्ये योशिदांनी स्वतःची कार्यशाळा उभारली. कोरणे-छापणे ते स्वतः शिकले होते, त्यामुळे कारागिराशेजारी बसून एकेक रंग तपासून घेत. जपानमधल्या निक्को इथल्या देवस्थानाच्या योमेइ दरवाजाच्या चित्रासाठी कागदावर तब्बल 96 वेळा छाप घेतले आहेत! 1926च्या शिडाच्या होड्यांच्या चित्रांत तर तेच ठसे वेगवेगळ्या रंगांत छापून सकाळ, धुके, संध्याकाळ, रात्र उभी केली. माझ्या मते त्यांची खरी कमाल इथे दिसते.

तुमच्याकडे त्यांचे असे छापील चित्र असेल तर डाव्या समासात 'जिझुरी' हा शिक्का शोधा. शब्दशः अर्थ 'स्वतः छापलेले', पण त्यावरून त्यांनी स्वतःच्या हाताने छापले असे धरू नका. छपाई त्यांच्या देखरेखीखाली झाली, एवढेच त्यातून कळते. त्यांच्या पश्चात काढलेल्या प्रतींवर तो सहसा नसतो. भारतातल्या प्रवासावरची 1931–32ची मालिका पाहताना हे लक्षात ठेवा. तिच्यात आपले अजिंठा-वेरूळही आहे.